स्मिताबाईंचं चाक

दार उघडलं तर समोर नऊवारी नेसलेली एक बाई आणि तिच्यामागे धोतर-टोपीतला एक म्हातारा उभा होता. कोण पाहिजे, असं मी विचारायच्या आतच बाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. परक्या बिल्डिंगमध्ये किती रडलेलं चालतं याचा अंदाज घेत घेत. "कवा झालं बाईंचं?" म्हातारा म्हणाला. "आमाला कुनी कळवलं सुदिक न्हाई." मला वाटलं, मजला चुकले. आमच्या डोक्यावरच्या घरात एक आजी बरेच दिवस अंथरुणाला खिळून आहेत. त्यांचंच काही झालं असणार, आणि आपल्याला पत्ता नाही, असं मनात येऊन मला जरा लाजही वाटली. "कुणाचं?" मी विचारलं. "स्मिताबाईंचं," तो म्हणाला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. या बिल्डिंगमध्ये स्मिता एकच आहे आणि ती मी आहे.

माझा एक हात कडीवर होता. दुसरा आपणहून डाव्या काखेकडे गेला. हल्ली तो जातोच तिकडे, भाजी निवडताना, फोनवर बोलताना, आणि मी त्याला ओढून परत आणते. नागपंचमीच्या सकाळी आंघोळ करताना तिथे एक गाठ हाताला लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नाही, दाबली तर सरकत नाही. दुखत नाही हेच वाईट, एवढं मला कळतं, कारण मी कधीकाळी शाळेत शास्त्र शिकवायचे आणि अर्धवट माहितीचा जेवढा त्रास होतो तेवढा अज्ञानाचा होत नाही. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. मुलगा पुण्याला होस्टेलवर, त्याची परीक्षा. नवऱ्याला सांगितलं तर तो 'बघू' म्हणेल. आणि डॉक्टरला सांगितलं तर ते खरंच होईल. रोज रात्री मी उद्याचं ठरवत होते, रोज सकाळी दुधवाला यायचा, गॅसवाला यायचा आणि उद्या पुढे जायचा. श्रावण असा संपत आला होता. आणि आता ही दोन माणसं, मी गेले म्हणून मलाच सांगायला आली होती. खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"तुमी बाईंच्या कोन?" म्हाताऱ्यानं विचारलं. "बहीण," मी म्हणाले.

का म्हणाले, ते आजही नीट सांगता येणार नाही. समोरच्या फ्लॅटचं दार किलकिलं झालं होतं, तिकडून कुणी काही विचारायच्या आत यांना आत घ्यायचं होतं, हे एक झालं. पण खरं कारण वेगळं होतं. माणसानं एवढ्या दुरून येऊन, टोपी हातात धरून, तुमचं मरण सांगितल्यावर 'छे छे, मी तर जिवंत आहे' असं म्हणायला आतून एक खात्री लागते. ती त्या क्षणी मला शोधूनही सापडली नाही. यांना कसं कळलं, एवढंच डोक्यात घुमत होतं. जे मी माझ्या पावडरच्या डब्यालाही कळू दिलं नाही, ते यांच्यापर्यंत कोण घेऊन गेलं?

दोघं आत आली. सोफ्यावर बसली नाहीत, भिंतीला टेकून खाली बसली. मी पाणी आणलं तर बाईनं हातानंच भांडं मागे सारलं. सुतकाच्या घरचं पाणी घेत नाहीत. खाडीवरून वारा सुटला होता. या दिवसांत दुपारनंतर तो असा सुटतो की कोपरखैरण्यातल्या साऱ्या खिडक्या एकदम आपटतात. मी उठून खिडकी लावली, पुन्हा बसले, पुन्हा उठले. बाईची नजर भिंतीवरून फिरत होती. "फोटू न्हाई लावला?" ती हळूच म्हणाली. हार घातलेला फोटो ती शोधत होती. तेव्हा मला आठवलं, शोकेसमध्ये आमचा दोघांचा महाबळेश्वरचा फोटो आहे. त्यात मी शालीत गुंडाळलेली, डोळे बारीक करून हसते आहे. मी सहज सरकल्यासारखं करून शोकेसला पाठ लावून उभी राहिले आणि पुढचा बराच वेळ तशीच राहिले. माझ्याच घरात मी माझ्यावर पाळत ठेवून होते. पाठीला काच गार लागत होती. "तुम्ही कुठून आलात?" मी विचारलं. म्हातारा म्हणाला, "पठारावरनं. पाटनच्या वरलं. मी हौसेराव, ही मंडळी, गोजरा. बाईंच्या चाकाचा राखणदार मी."

चाक. तेव्हा कुठे मला उलगडलं. आमची एक पवनचक्की आहे. म्हणजे कागदोपत्री माझी आहे. श्यामसुंदरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची (तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, मनात एकेरीच), तुर्भ्याला प्लास्टिकचे भाग बनवायची फॅक्टरी आहे. दीड वर्षापूर्वी त्याच्या सी.ए.नं सांगितलं की पवनचक्की घेतली तर यंदाचा टॅक्स वाचतो, आणि बाईंच्या नावावर घेतली तर आणखीच बरं. मी नेहमीसारखी दाखवल्या जागी सह्या केल्या. अट एवढीच होती की चक्की एकतीस मार्चच्या आत फिरली पाहिजे. श्यामसुंदर तिथे पूजेला जाऊन आला, नारळाचा प्रसाद आणला. मी म्हटलं, मलाही यायचं होतं. तो म्हणाला, अगं, डोंगरावर काय आहे बघायला, नुसता वारा. त्याच वेळी त्यानं मला समजावलं होतं की ती वीज तारेनं आपल्याकडे येत नाही. तिथे ती बोर्डाच्या लायनीत सोडायची आणि तेवढे युनिट तुर्भ्याच्या बिलातून वजा व्हायचे. विजेला नाव नसतं, सगळी एकात मिसळते. मला हे माहीत होतं. चुंबकाच्या पोटात तारेचं वेटोळं फिरवलं की वीज होते, हे मी वर्षानुवर्षं सातवीच्या पोरांना सायकलचा डायनॅमो दाखवून शिकवलं आहे. फिरवायला कोळसा जाळून वाफ करा, धरणाचं पाणी सोडा, नाहीतर वारा घ्या. वाऱ्याचं एक बरं, जळत काही नाही, संपत काही नाही, धूर नाही. तरीही त्या दिवसांत मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून, मागच्या बाजूनं गेलेल्या हाय टेन्शनच्या तारांकडे बघायचे. आता यातून आपला वारा जात असेल, असं वाटायचं. ट्यूब लावताना क्षणभर थांबायचे. शाळा सोडल्यावर माझ्या हातून जगात काही होत असेल तर ते एवढंच, डोंगरावर माझ्या नावानं एक चाक फिरतं आणि त्यानं कुठेतरी कुणाचा तरी दिवा लागतो. वेडेपणाच, पण या वयात बाईला असे वेडेपणे लागतात. श्यामसुंदरला मी हे कधी सांगितलं नाही. एकदा जेवताना विचारलं होतं, चक्की बरी चालली आहे ना? तो म्हणाला, "तिचं काम एकतीस मार्चलाच झालं. आता फिरली काय, उभी राहिली काय." आणि त्यानं आमटी वाढून घेतली. त्या वाक्याचा मला इतका राग का आला, ते मला तेव्हा कळलं नाही. नागपंचमीनंतर कळलं. मुलगा झाला, मोठा झाला, होस्टेलला गेला. माझंही एकतीस मार्च होऊन गेलं होतं.

"चाक उभं हाय," हौसेराव सांगत होता. "आषाढापासनं. बाकीची समदी गरागरा फिरत्यात, ह्या दिसांत तर वारा कसा, मानूस उभा ऱ्हात न्हाई. आनि आपलं तेवढं गप. कंपनीचा साहेब वर चढला, खाली आला, लाल पाटी लावून गेला. मी म्हनलं, मोडलं काय? त्यो म्हनला, मालकाकडनं निरोप येईस्तवर बंद. मग आमी काय समजायचं ते समजलो." मी काहीच समजले नव्हते. तसं गोजराबाईनं पदर सारखा केला आणि एखाद्या पोरीला सांगावं तसं मला सांगितलं. त्यांच्याकडे घरात कुणी गेलं की जातं फिरवत नाहीत. वरची तळी उचलून भिंतीला उभी करून ठेवतात. कुणाच्या दारात जातं उभं दिसलं की गावाला कळतं, या घरी सुतक आहे, विचारावं लागत नाही. आता गिरण आली, तरी गिरणवाल्याच्या घरी कुणी गेलं की गिरण तेरा दिवस बंद. "तसं मालकाच्या घरी काय झालं असंल, म्हनून चाक उभं केलं. पन तेरावं झालं तरी फिरंना. सासू-सासरं गेलं असतं तर तेराव्याला फिरवलं असतं का न्हाई?" तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "मग बायकांनीच वळखलं. जिचं चाक, तीच गेली."

त्या तर्कात मला कुठे फट दिसेना. मी बी.एस्सी. आहे, गणितात मला चांगले मार्क होते, आणि मी शोकेसला टेकून उभी राहून तो तर्क पुन्हा पुन्हा तपासत होते. आषाढापासून चाक उभं. श्रावणात गाठ. आधी ते, मग हे. मी स्वतःला सांगितलं, गिअरबॉक्स बिघडला असेल, पट्टा तुटला असेल, लोखंडाला तुझ्या शरीराचं काय घेणं-देणं आहे? हे मी वर्गात सांगायचे त्याच आवाजात सांगितलं आणि वर्गातल्या पोरांसारखंच मी ते ऐकून घेतलं, विश्वास न ठेवता. "स्मिताबाईंना तुम्ही कधी बघितलं होतं?" मी विचारलं. माझं नाव माझ्या तोंडात परक्या बाईचं वाटलं. "न्हाई की," गोजराबाई म्हणाली. "साहेब एकटंच आलं हुतं. पन खांबावर नाव हाय न्हवं, ह्ये एवढ्या अक्षरांत. बाकीच्यांना नुसतं लंबर. ही एकलीच बाई. मग आमी तिला हळदी-कुंकू लावतो. चैतात वटी भरतो खांबाची. माज्या सुनंला दिस गेलं तवा पयलं तिला सांगितलं." तिकडे डोंगरावर माझी ओटी भरली जात होती. बायका मला आपल्या घरचं सांगत होत्या, आणि इथे मी सासूबाईंच्या जुन्या साड्यांना फॉल लावत बसले होते. मला रडू आलं, ते खरं रडू होतं. त्या दोघांना ते साहजिकच वाटलं.

"कशानं गेल्या?" हौसेरावनं विचारलं.

कधीतरी हा प्रश्न येणार होता. "गाठ होती," मी म्हणाले. शब्द इतका सहज बाहेर पडला की मी दचकले. एवढे दिवस जो मनातही पूर्ण उच्चारला नव्हता, तो मेलेल्या बाईच्या नावावर खपवून मी मोकळी झाले. "काखेत. कुणाला सांगितलंच नाही तिनं." "का वं?" गोजराबाई म्हणाली. साधंच विचारलं. दुधवाला, गॅसवाला, परीक्षा, हे तिला काय सांगणार? "भ्याली असेल," मी म्हणाले. "आनि साहेबांना?" "त्यांनाही नाही." "आसं कसं," ती म्हणाली, "एका हातरुनात झोपायचं आनि." पुढचं तिनं सोडून दिलं. तिच्या आवाजात त्या मेलेल्या बाईविषयी कीव होती आणि थोडा राग होता. मला त्या बाईची बाजू घ्यावीशी वाटली, पण घेण्यासारखं काही सापडलं नाही.

गोजराबाईनं पिशवीतून फडक्यात बांधलेलं जेवण काढलं. त्यांचा पुतण्या कान्हा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमाल आहे, बोनकोड्यात खोली घेऊन राहतो. तिथे सकाळी उठून तिनं हे केलं होतं. पूजेच्या वेळी श्यामसुंदरनं हौसेरावला पत्ता देऊन 'मुंबईला आलात तर घरी या' म्हटलं होतं. शहरातलं ते बोलणं गावातल्या माणसानं खरं मानलं आणि जपून ठेवलं. "सुतकाच्या घरात चूल पेटत न्हाई. म्हनून आनलं. साहेब येतीलच, पन तुमी आदी दोन घास खावा." नाचणीच्या भाकऱ्या, पिठलं, लसणाचा ठेचा. मी ताट घेतलं नाही, तिच्याच फडक्यावर खाली बसले. फोटोसमोरून हलले हेही माझ्या लक्षात राहिलं नाही. स्वतःच्या दुखवट्याचं जेवण जेवायला माणसाला कसं वाटेल, असा प्रश्न कुणी कधी विचारलाच तर मी सांगू शकेन, की फार भूक लागलेली असते. कित्येक दिवस मला भूक लागली नव्हती. मी भाकरी मोडून मोडून खात होते, ठेच्यानं डोळ्यांत पाणी येत होतं, आणि ती "खावा बाई, खावा" म्हणत माझ्या पाठीवरून हात फिरवत होती. तो हात डावीकडे सरकला तेव्हा मी अंग चोरलं. तिचा हात तिथेच थांबला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग शोकेसकडे बघितलं. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं.

आणि तेवढ्यात खाली स्कूटर थांबल्याचा आवाज आला. तो आवाज मला शंभरांत ओळखू येतो. आता काय होणार ते मला दिसत होतं. श्यामसुंदर येईल, यांना बघेल, खो खो हसेल. 'अगं, गिअरबॉक्स गेलाय त्याचा! पार्ट बाहेरून यायचाय, बघू!' असं म्हणेल आणि यांना चहा करायला सांगेल. हे दोघं ओशाळतील. आणि माझी गाठ त्या हसण्याखाली पुन्हा दडपली जाईल, या वेळी कायमची, कारण असा दिवस माणसाच्या वाट्याला दोनदा येत नाही. मी उठले. हात पिठल्याचा होता. जिन्यातून त्याची पावलं वर येत होती, आणि मला एवढंच कळत होतं की तो बोलायच्या आत मला बोललं पाहिजे.

पण आधी हौसेराव उठला. दार उघडताच तो पुढे झाला, पिशवीतला, दुखवट्याला म्हणून आणलेला नवा टॉवेल उलगडून त्यानं श्यामसुंदरच्या खांद्यावर घातला आणि म्हणाला, "साहेब, धीर धरा. बाई गेल्या, आनि आमाला आत्ता कळलं."

श्यामसुंदर हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग गेला. मी त्याच्या समोर, पाच पावलांवर, जिवंत उभी होते. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तरीही तो रंग परत आला नाही. चपलांच्या स्टुलावर तो बुटांसकट बसला. "कुणी सांगितलं यांना?" तो अगदी बारीक आवाजात म्हणाला. "रिपोर्ट आला का? तू जाऊन आलीस?"

कसला रिपोर्ट, असं मी विचारलं नाही. कुठल्याही रिपोर्टची गोष्ट या घरात कधी निघालीच नव्हती. हौसेराव माझ्याकडे बघत होता. मी म्हणाले, "हौसेराव, मीच स्मिता. तुमच्याशी खोटं बोलले." आणि मग त्याच दमात, श्यामसुंदरकडे न बघता, "मला गाठ आहे."

"माहितेय," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"आषाढात. तू झोपली होतीस. माझा हात लागला."

म्हणजे माझ्या आधी. नागपंचमीच्या कितीतरी आधी, माझं शरीर मला कळायच्या आधी, त्याला कळलं होतं. "मला वाटलं, तुला माहीत असेल," तो टॉवेलच्या टोकाशी चाळा करत म्हणाला. "आज बोलशील, उद्या बोलशील. मग वाटलं, नसेल माहीत तर मी कशाला… मला धीरच झाला नाही गं." असा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. इतक्या रात्री आम्ही दोघं एकाच खाटेवर दोन भिंतींकडे तोंडं करून, एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत पडलो होतो, आणि तेवढे दिवस ती वाढत असेल तर वाढत होती. तो बेफिकीर आहे असं मी धरून चालले होते. बेफिकीर असता तर मी त्याला माफ केलं असतं. तो भ्याला होता, माझ्याइतकाच, माझ्याआधी.

गोजराबाई उठली. माझ्यासमोर येऊन तिनं दोन्ही हात माझ्या तोंडावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. "तुमीच व्हय बाई," ती म्हणाली. "आमच्याकडं म्हनत्यात, मेल्याची खोटी बातमी उठली की मानूस लई जगतो." माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तिच्या तोंडून ते ऐकायला बरं वाटलं, हे कबूल करते.

"उद्या सकाळी जाऊ," श्यामसुंदर म्हणाला. "फॅक्टरीत फोन करून ठेवतो."

"आज," मी म्हणाले. "वाशीला संध्याकाळी डॉक्टर असतात."

"अपॉइंटमेंट…"

"बसून राहू तिथे."

मी हात धुतले, साडी बदलली, पर्स घेतली. तो तसाच बसला होता, खांद्यावर टॉवेल. मी तो काढून हौसेरावच्या हातात दिला. बिचारा पार गोंधळून गेला होता, माफी कुणाची मागायची ते त्याला कळत नव्हतं. गोजराबाई पुन्हा भिंतीला टेकून खाली बसली. "जावा तुमी," ती म्हणाली. "तुमी येईस्तवर आमी हितनं हालत न्हाई." मी तिला म्हटलं, चहा करून घ्या, साखर वरच्या फळीवर आहे. ती म्हणाली, बघते मी.

जिन्यात आम्ही एकामागून एक उतरत होतो. त्याच्याशी एक अक्षर बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पहिल्या मजल्यावरच्या वळणावर तो थांबला. त्यानं कठडा धरला होता.

"स्मिता, मला भीती वाटतेय," तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"मलाही," मी म्हणाले. "चला."